उशिराचं कारण

“आणि ती कोथिंबिरीची जुडी,” पद्मा दळवी म्हणाल्या, “ती तर डोक्यातून जातच नाही.”

निरुपमाच्या गोष्टीत कोथिंबीर नव्हती.

लॅपटॉपवर तीन चौकोन होते. एकात पद्माताई, मुंबईच्या. मालिका घ्यायची की नाही हे त्या ठरवणार होत्या. दुसऱ्यात निरुपमाचे मॅनेजर सुभाषभाई, नेहमीसारखे चालत्या गाडीत, एक फोन समोर आणि दुसरा कानाला. तिसऱ्यात बडोद्याच्या घरात बसलेली ती स्वतः. आज नकार आला तर जूनपासून पुन्हा कॉलेजात शिकवायला जायचं आणि लिहिणं बंद करायचं, असं तिने नवऱ्याला कबूल केलं होतं.

तिने लिहिली होती ती बडोद्यातल्याच गोरव्याच्या कारखान्यात लेथ मशीन चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट. दोन वर्षं लिहीत होती. लेक रेवा झोपली की, नाहीतर सासूबाईंनी रेवाला घेतलं की.

“भर खंडेराव मार्केटात,” पद्माताई सांगत होत्या, “लेक कडेवर ताठ होते. डोळे वर. ही तिला बटाट्याच्या पोत्यावर कुशीवर निजवते. भाजीवाली घड्याळात बघून सेकंद मोजते, गुजरातीत. आणि लेक रडली तेव्हा हिच्या लक्षात येतं, की मुठीत कोथिंबीर तशीच आहे, पार चोळामोळा झालेली. कुठून सुचतं हो तुम्हाला?”

ते सुचलं नव्हतं. मार्चमधल्या एका गुरुवारी ते घडलं होतं. रेवाला तापात झटके येत. मोठी झाली की थांबेल, डॉक्टर म्हणाले होते. पण पाच मिनिटांच्या वर गेलं तर कशासाठीही न थांबता दवाखाना गाठा. तेव्हापासून निरुपमा दिवसातून वीसदा तिच्या कपाळाला हात लावून बघे. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. सासूबाई नुसतं ‘ते’ म्हणत. वाईट तोंडातून काढू नये, वास्तू तथास्तु म्हणते. निरुपमाने हे सांगितलं होतं एकाच माणसाला, आणि तेही लिखाणाला उशीर का झाला ते कळावं म्हणून.

सुभाषभाई मूळचे बडोद्यातल्या लहरीपुऱ्याचे. आता मुंबईत चाळीस जणांची कामं बघत. वाचायला त्यांना वेळ नव्हता. “लिहून नका पाठवू, बेन. बोलून पाठवा. गाडीत ऐकून घेतो, ऑफिसात टाइप होऊन जाईल.” म्हणून ती गच्चीवर जाऊन फोनमध्ये बोले. कधी लेथवाल्या बाईचा प्रसंग. कधी, माफ करा सुभाषभाई, ह्या आठवड्यात नाही जमलं, झालं असं की...

ऑफिसात सगळंच टाइप होऊन पद्माताईंकडे गेलं होतं.

“पद्माताई, एक मिनिट,” ती म्हणाली. “काहीतरी गोंधळ झालाय. हे जे तुम्ही...”

हातातला फोन थरथरला. सुभाषभाईंचा मेसेज होता. ‘काय पण बोलू नका. लेथवाली त्यांनी पहिल्या पानावरच सोडली. ही रेवाचीच गोष्ट पसंत पडली आहे. मला पण गाडीत ऐकताना पाणी आलं डोळ्यांत.’

तिने ते दोनदा वाचलं. तीन महिने ते ऐकत होते, आणि एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं, की रेवा कशी आहे. त्यांच्या लेखी रेवा हे पात्र होतं.

“बोला ना,” पद्माताई म्हणाल्या. “काय गोंधळ?”

निरुपमाने तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं. ही माझी मुलगी आहे. पण मध्येच दुसरं काहीतरी आठवलं. उशिराचं कारण सांगायला, मुलगी आजारी होती, एवढं पुरलं असतं. मग कोथिंबीर कशाला सांगितली? भाजीवाली गुजरातीत मोजत होती, हे सुभाषभाईंना कळून काय उपयोग होता? त्या दिवशी तिने तो निरोप एकदा पुसून पुन्हा रेकॉर्ड केला होता. पहिल्यांदा कोथिंबीर सांगायची राहून गेली होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “पानांचे आकडे मागेपुढे झालेत.”

मागून सासूबाई आल्या. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून वाकून त्यांनी रेवाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि कुजबुजल्या, “माझ्याकडे राहतच नाहीये ही. खिचडीही थुंकली. अंग बघ गं जरा.”

निरुपमाचा हात कपाळावर गेला. कपाळ थंड होतं. हात तिने तसाच राहू दिला.

“आमची एकच अडचण आहे,” पद्माताई म्हणाल्या. “शेवट. तुम्ही तो उघडा सोडलाय. आमच्या सगळ्यांचं मत पडलं की ती मुलगी राहायला नको. ती गेली, तर लोक ही मालिका जन्मात विसरणार नाहीत.”

“होऊन जाईल, ताई,” सुभाषभाई दुसऱ्या फोनवर हात दाबून म्हणाले. “काय, बेन?”

रेवाने तिच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली होती. पडद्यावरचे दोघं थांबून निरुपमाकडे बघत होते.

“कितव्या भागात?” निरुपमाने विचारलं.