एकाच्या उजेडात

“पट्टी आधी सोडव, सुनयना. मग बत्ती लाव. एकाच्या उजेडात बाकीचे तिघं लपत्यात.”

हे काम शिकवणाऱ्या आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी बॉनेट उघडलं की आधी त्यांचाच आवाज यायचा. महिन्यापूर्वीही आला होता. त्या दिवशी सुनयनानं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

आज महिन्यापूर्वी तपासलेली तीच दुधाची गाडी उद्यमबागेतल्या तिच्या गॅरेजसमोर पांढऱ्या धुरात उभी होती. इंजिन गार असतानाच बघायचं म्हणून तिनं ती रात्रभर ठेवून घेतली होती. सकाळचे सात, डिसेंबरची थंडी. नवा ड्रायव्हर युवराज यानं आठ-दहा वेळा चावी मारली तेव्हा कुठं इंजिन धडधडलं. धुराला न जळलेल्या डिझेलचा वास होता, डोळ्यांत झोंबणारा.

“टाकी धुतली, डिझेल बदललं, ड्रायव्हर बदलला,” गाडीचे मालक आनंदराव हात चोळत म्हणाले. “धूर तेवढा जुना राहिला, इंजिनियर बाई.”

तिनं इंजिन बंद करायला लावलं आणि वाकली. गार इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणाऱ्या चारही हीटर प्लगना जोडणारी पट्टी डिझेलच्या नळ्यांमागं दडलेली होती. चार बारके नट, चारही गंजलेले. तिनं ते एकेक करून सोडवले, पट्टी काढून बाजूला ठेवली. टेस्टिंग बत्तीचा चिमटा बॅटरीला लावला आणि टोक पहिल्या प्लगला टेकवलं.

बत्ती लख्ख लागली.

दुसऱ्याला टेकवलं. काही नाही. तिसऱ्याला नाही. चौथ्याला तिनं दोनदा टेकवून पाहिलं.

पट्टी जागेवर असली की एकच प्लग जिवंत असला तरी चारही ठिकाणी बत्ती लागते. महिन्यापूर्वी अशीच लागली होती. त्या दिवशी पौर्णिमा होती, विहारात वंदनेला उशीर होत होता, आणि ते नट सोडवायला अर्धा तास गेला असता. “प्लग चांगले आहेत. डिझेलातच भेसळ आहे,” असं सांगून तिनं हात धुतले होते. पांढरी साडी नेसून ती अगदी वेळेवर पोचली होती. सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं होतं. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं. आज सकाळी दिवा लावतानाही म्हटलं होतं.

डिझेल भरायचा तेव्हाचा ड्रायव्हर, परशराम. जांबोटीचा, अकरा वर्षं याच गाडीवर. आनंदरावांनी तिच्यासमोरच त्याच्याकडून चावी मागून घेतली होती.

“आक्का, मी एक थेंब इकडचा तिकडं केल्याला न्हाय,” तो म्हणाला होता. “ती बत्ती परत एकदा लावून बघा की.”

“बत्ती खोटं बोलत नाही, अण्णा.”

“आणि तुमचं चुकलं असंल तर?”

“तर तुमच्या दारात येऊन सांगीन.” हे म्हणताना तिचं लक्ष घड्याळाकडं होतं.

“काय हो, काय झालं?” आनंदराव आता तिच्या खांद्यावरून आत बघत होते.

“तीन प्लग मेलेत.”

“थंडीनं गेले असतील आता. तेव्हा चांगले होते की.”

नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो शब्द ओठापर्यंत आलाही.

“तेव्हाही मेलेलेच होते,” सुनयना म्हणाली. “मी पट्टी न सोडता बघितलं. परशरामअण्णांचं डिझेल चांगलं होतं.”

आनंदरावांचे हात चोळायचे थांबले. “जाऊ दे हो. त्यात तुमचंही नाव खराब, माझंही. नवा माणूस लागलाय कामाला. आता कशाला उकरून काढताय?”

“दुसऱ्या कुणी गाडी दिली का त्यांना?”

उत्तर युवराजनं दिलं. “कोण देतंय, आक्का? भेसळवाला म्हणत्यात त्येला सगळ्या वाटंनं. लोकांची म्हसरं राखतोय. मी दूध घ्यायला गेलो की गाडीकडं पाठ करून हुबा ऱ्हातोय.”

तिनं चारही प्लग नवे बसवले. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. धुराची एक झुळूक आली आणि मागची भिंत स्वच्छ दिसायला लागली.

मग तिनं गॅरेजच्या कागदावर लिहिलं, ‘मागच्या वेळचं माझं निदान चुकीचं होतं. डिझेल चांगलं होतं. परशराम यांचा दोष नव्हता.’ खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद आनंदरावांपुढं धरला. “तुमचीही सही असू दे.”

त्यांनी वाचून तो सही न करताच परत दिला. “चावी मी घेतली, खरंय. पण कुणाच्या शब्दावर घेतली?”

“माझ्या,” ती म्हणाली.

गाडी गेल्यावरही ती लगेच निघाली नाही. आत्ता गेली असती तर परशराम कुठंतरी माळावर एकटा भेटला असता, आणि एकट्यात सांगणं सोपं होतं. भेसळवाला असं त्याला सगळं गाव म्हणत होतं. संध्याकाळी जांबोटीत गाडीवर दूध घालायला सगळी माणसं कासंड्या घेऊन जमतात, परशरामही तिथं असतो.

तीन वाजता तिनं शटर ओढलं. कागद पर्समध्ये घातला. मेलेले तीन प्लग आणि चांगला एक, असे चारही जुने प्लग फडक्यात बांधून बत्तीबरोबर स्कूटरच्या डिकीत ठेवले.

सगळ्यांसमोर बत्ती लावून दाखवायला बॅटरी स्कूटरला होतीच.