डिस्चार्ज

सन २००२. अफगाण निर्वासितांच्या छावणीतल्या पलवशाच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. एका मदत संस्थेनं तिला आईसोबत विमानानं अबुधाबीला आणलं आणि तिचं ऑपरेशन झालं. आता ती चिमुरडी वॉर्डभर धावायची, कस्टर्डची वाटी चाटूनपुसून साफ करायची आणि "यल्ला, यल्ला", चला, चला, म्हणत नर्सना पळवायची.

तिची आई जरमीना मात्र पलंगाशी बसून नुसती बघत राहायची. ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं तेव्हाही ती हसली नाही की रडली नाही. मूळची कुडाळची गिरिजा सिस्टर मनात म्हणायची, 'थिजून गेलीय बिचारी. पोरीला घेऊन निघेल, तेव्हा मोकळी होईल.'

डॉक्टरांनी डिस्चार्जला हो म्हणताच गिरिजा लगबगीनं तिच्याकडे आली. जरमीनाला छावणीत शिकलेलं मोडकंतोडकं उर्दू यायचं, म्हणून दोघी हिंदीतच बोलायच्या.

"मुबारक हो, जरमीना! लेक ठणठणीत झाली. इन्शाल्ला, गुरुवारच्या विमानानं तुम्ही छावणीत परत."

आपला मुलगा याच हिवाळ्यात तंबूत गारठून मेल्याचं जरमीनानं पहिल्यांदाच सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशा कोरड्या आवाजात. मग तिनं गिरिजाची बाही घट्ट धरली.



"सिस्टर, हिला पुन्हा एकदा नीट तपासा ना. अजून एखादा आजार नक्की सापडेल."