फोनेटिक कोण लावतंय?

भाषांतराच्या आमच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर मी दोनच कीबोर्ड ठेवलेत. मराठीला जुना टाइपरायटरचा आणि इंग्रजीला इंग्रजी. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचा तो फोनेटिक मला येत नाही, आणि शिकायची हौसही नाही.

तरी हल्ली चहा पिऊन परत यावं, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात फोनेटिकच लागलेला. काढून टाकला, तरी दुसऱ्या दिवशी हजर. पासवर्ड बदलला, तरी तेच.

माझा संशय समोरच्या प्रूफवालीवर. एकदा सरळच विचारलं, "माझ्या मशीनला हात लावतेस का गं?"

"मला माझी कामं थोडी आहेत का, ताई?" ती म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी मनात. मग आज चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या. "मी चहाला जाते," तिला सांगितलं, "तू माझ्या खुर्चीवर नजर ठेव."

कप घेऊन परतले आणि दारातूनच विचारलं, "काय गं, आलं का कोणी?"

ती हसली. "तुम्ही जागच्या उठलाच नाहीत, ताई, तर येणार कोण? आणि फोनेटिक येत नाही म्हणता, हात तर काय झरझर चालतोय!"

हे ती माझ्याकडे बघून बोलत नव्हती. माझ्या खुर्चीकडे बघून बोलत होती.

खुर्चीची उंच पाठ दाराकडे होती, त्यामुळे मला पुढचं काही दिसेना. कीबोर्डची टकटक मात्र स्पष्ट ऐकू येत होती.

मी एक पाऊल आत टाकलं, आणि टकटक थांबली.