आजीचं सोंग

आजी कोण होणार, यावरून सोप्यात भांडण जुंपलं.

रेडिओवरचं मुलांचं नाटुकलं नुकतंच संपलं होतं. शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत रेडिओ एकच, पद्मजाच्या घरचा. रविवारी सकाळी गल्लीतली पोरं तिच्या पमीबरोबर सोप्यात दाटीवाटीने बसून तो ऐकत. चपला शिवणाऱ्या आकारामची पोर बया तेवढी बाहेर, पायरीवर बसे. आजच्या नाटुकल्यात एक तहानलेलं पोर होतं, त्याला ‘लांब हो’ म्हणणारी सोवळी आजी होती, आणि शेवटी त्याच आजीने पोराला जवळ घेऊन पाणी पाजलं होतं. रेडिओतल्या ताई म्हणाल्या होत्या, “मुलांनो, आता हे नाटुकलं तुम्हीही करून बघा हं!”

पोरांनी ते अगदी मनावर घेतलं.

“रेडिओचं काय जातंय बोलायला!” झोपाळ्यावर वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. “त्याच्या दारात कुणी पाणी मागायला येत नाही.”

मधल्या दारात उभी असलेली पद्मजा काही बोलली नाही. कॉलेजात असताना याच विषयावर बोलून तिने वक्तृत्वाचा करंडक आणला होता. पमीने आजीकडे पाहिलं, मग आईकडे. या पाहण्याचीच पद्मजाला अलीकडे धास्ती वाटे. सात वर्षांची पोर सगळं टिपून ठेवते. कुणी काय बोललं, आणि कोण गप्प राहिलं, तेसुद्धा.

“तहानलेलं पोर बया हुईल,” बाळासोने ठरवून टाकलं. “ती बसलीयाच की पायरीवर.”

“मी न्हाय!” बया म्हणाली. “त्ये मी रोजच हाय. मी आजी हुणार.”

“तुला जमंल व्हय आजी?”

“बघ तर खरं!”

“मग तहानलेलं पोर मी,” म्हणत पमी पायऱ्या उतरून खाली गल्लीत जाऊन उकिडवी बसली. आजी घरात हवी, असं वसंताचं म्हणणं पडलं. सगळ्यांनी एकदम झोपाळ्याकडे पाहिलं.

“पायरी म्हंजे घर,” बयाने तंटा मिटवला.

तिने परकराचा घोळ कमरेला खोचला, डोळे बारीक केले आणि नाकातून सूर काढला. “कोण आहे रे तिकडे? लांब हो, लांब हो! आत्ताच सारवलंय!”

पोरं खिदळली. सासूबाईंची बोटं वातीवर थांबली.

“पाणी द्या हो, आजी,” पमीने खालून ओंजळ धरली.

बया उभी राहिली. तांब्या धरल्यासारखा तिने रिकामा हात उंच नेला. डाव्या हाताने परकर मागे आवळून घेतला, शिंतोडा उडू नये असा. आणि गोड हसून म्हणाली, “पी हं बाळ, पोटभर पी. शाळा काय म्हणतेय तुझी?”

हातभर उंचीवरून न दिसणारं पाणी पमीच्या ओंजळीत पडत राहिलं.

“आगं, जवळ घ्यायचं असतंय!” बाळासो ओरडला.

“जवळच घितलं की,” बया म्हणाली. “हितं आसंच देत्यात.”

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. सासूबाई हसत होत्या, पदर तोंडाला लावून, अंग गदगदा हलवून.

“अगंबाई! ‘लांब हो’ माझं, कबूल. पण पाणी मी कधी दिलंय? ही तू गं, पद्मजा! ते निऱ्या आवळणं काय, ती शाळेची चौकशी काय! हुबेहूब!”

पद्मजाचा डावा हात निऱ्यांपाशीच होता. तिने तो खाली सोडला.

पमी ओंजळ तशीच धरून आईकडे बघत होती.

पद्मजा आत गेली. मांडणीवरून आपल्या रुखवतातले पितळी पेले काढून तिने परातीत मांडले, माठातल्या पाण्याने भरले आणि परात घेऊन थेट पायरीवर येऊन बसली. पहिला पेला तिने बयाच्या हातात दिला. हातात, बोटाला बोट लागलं.

“आधी तुम्ही घ्या, आजीबाई. ओरडून घसा कोरडा पडला असेल.”

बयाने पेल्याकडे पाहिलं, झोपाळ्याकडे पाहिलं, आणि एका दमात पाणी संपवलं. मग पालथ्या मुठीने तोंड पुसून पुन्हा तोच नाकातला सूर लावला. “या रे सगळे! सांडू नका, आत्ताच सारवलंय!”

पोरं परातीवर तुटून पडली. कुणी दोन पेले प्यायलं, कुणी दुसऱ्याचा अर्धा पळवला, वसंताला हसता हसता ठसका लागला. पाणी संपलं तशी ती सगळी बयाला पुढे घालून गल्लीत पळाली. पमी तेवढी दाराला टेकून राहिली.

परातीत रिकामे पेले उरले. सासूबाई झोपाळ्यावरून उतरल्या.

“यातला तिचा कुठला?”

“मला नाही सांगता यायचं, आई. तुम्हीच बघा.”

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. एक पेला उचलला, उन्हात धरून फिरवला, त्यावर कोरलेलं नाव वाचलं. ‘सौ. पद्मजा’. दुसरा उचलला. त्यावरही तेच. पमी आजीच्या हातांकडे टक लावून बघत होती. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पेला हळूच परातीत ठेवला.

“चष्मा बदलायला झालाय माझा,” त्या म्हणाल्या. आणि हात न धुताच वाती वळायला बसल्या.