पुढे बांधलेली सीट

मारेगावला लग्नाला निघताना रजतनं बाळाची सीट गाडीत पुढे बांधली.

"मांगं बांधा न जी," बायको वृषाली म्हणाली. "गाडी ठोकली तं समोरची एअरबॅग फुटते अन् लेकराच्या डोक्यावरच आदळते."

तिच्या सासूबाई, विमलताई, मागे ऐसपैस बसल्या होत्या. "माह्ये गुडघे अवघडतेत. समोरच राहू दे. तुलेच लय समजते!"

आईचं ऐकून रजतनं बाळाला पुढच्याच सीटमध्ये बसवलं. वृषालीनं बाळाला सीटमधून काढलं, कडेवर घेतलं आणि राळेगावच्या स्टँडवरून एसटी धरली.

मारेगावच्या अलीकडे कापूस विकायला ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. शेवटच्या ट्रॉलीवर रजतची गाडी जाऊन आदळली. एअरबॅग फुटली आणि तिच्या दणक्यानं बाळाची रिकामी सीट मोडली. रजत आणि विमलताईंना मात्र नुसतं खरचटलं.

वृषाली बाळाला उराशी धरून धावत दवाखान्यात आली. तिला पाहून रजतनं मान खाली घातली. विमलताईंनी तिच्या हातातून बाळ ओढून घेतलं, त्याचे पटापट मुके घेतले आणि तिथं जमलेल्या लग्नाच्या सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "हिच्या काळ्या जिभेनंच आमची गाडी ठोकली."