एक बाटली पुरे

बाईंनी बाटली गॅरेजमधल्या टेबलावर ठेवली आणि मिस्त्रींनी ती हातात न घेताच ‘नको’ म्हणून टाकलं.

तसे ते सगळ्यालाच आधी नको म्हणत. लोक त्यांना ‘नको-मिस्त्री’ म्हणायचे ते काही उगाच नाही. पण बाईही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या रोपवाटिका चालवायच्या, आणि एकतीस वर्षांच्या गाडीतून स्वतः गिऱ्हाइकांकडे रोपं पोचवायच्या. मागच्या सीटवर कुंड्या, डिकीत खताची पोती. गाडी वडिलांनी लग्नात दिलेली. कागद जावयाच्या नावावर, किल्ली लेकीच्या हातात. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तरी गाडीला कोणी ‘खटारा’ म्हटलं की बाईंचा पारा चढायचा.

हल्ली चढावर गाडी धापा टाकत होती. दुकानदाराने बाटली हातात देऊन सांगितलं होतं, ऑइलमध्ये ओता, आतली सगळी घाण निघून जाते, इंजिन तरुण होतं.

“नव्या गाडीला एकवेळ चालेल,” मिस्त्री म्हणाले. “ताई, या वयात आतली काजळी म्हणजे नुसती घाण नसते. झिजलेल्या फटी तिनेच बुजवलेल्या असतात. एकदम खरवडली की तिचेच तुकडे ऑइलच्या वाटेत जाऊन अडकतात. हळूहळू ऑइल बदलत राहू. पण हे नको.”

बाईंनी बाटली पिशवीत टाकली आणि घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. शांत माणूस. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि मिस्त्रींच्या बाजूने कौल दिला. तिथेच चुकलं. नवऱ्याने आणि मिस्त्रींनी एका सुरात नाही म्हटल्यावर बाई थोड्याच थांबणार होत्या? संध्याकाळी झाडांना पाणी घालून झाल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि अख्खी बाटली रिकामी केली.

दोनच दिवसांनी त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. आठ-दहा दिवसांसाठी म्हणून गेल्या त्या चांगल्या महिनाभर राहिल्या, कारण नात अशी काही गोड होती की पाय निघेना. रोज फोनवर त्या रोपांची आणि गाडीची चौकशी करायच्या. नवरा म्हणायचा, दोन्ही ठणठणीत आहेत, तू बाळाकडे बघ.

परतल्या तेव्हा तो स्टेशनवर गाडी घेऊन आला होता. किल्ली बाईंनीच मागून घेतली. नेहमीचा चढ आला तसं त्यांनी सवयीने गिअर खाली घ्यायला हात नेला, पण गाडी तशीच सरसर वर गेली. ना धाप, ना खडखड. बाई एकट्याच मोठमोठ्याने हसू लागल्या. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

“काय म्हणत होतात तुम्ही दोघे?” त्यांनी विचारलं.

“चुकलंच आमचं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या थेट गॅरेजवर गेल्या. तिथे दूधवाला, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर आणि आणखी दोघे आपापल्या गाड्यांसाठी थांबले होते. बाईंनी इंजिन चालू ठेवलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग हात पुसत, चारचौघांसमोर, उभ्या हयातीत कोणाला न म्हटलेलं वाक्य ते म्हणाले.

“ताई, हरलो मी.”

बाईंना तो दिवस सणासारखा गेला. मिस्त्रींनी एवढंच बजावलं की आता पुन्हा हे ओतायचं नाही, एक बाटली जन्माला पुरते. बॉनेटही उगाच उघडायचं नाही, काय असेल ते इथे आणायचं. बाईंनी उदार मनाने कबूल केलं आणि जाताना त्यांना लिंबाचं रोप भेट दिलं. शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी त्या दुकानाचा पत्ताही दिला. मिस्त्रींनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, तो काही दुकानाकडे फिरकला नाही.

पुढची दोन वर्षं मोठी मजेची गेली. गाडी नातीला आणायला गेली, समुद्रावर जाऊन आली, एकदा तर आंब्याची चाळीस कलमं घेऊन घाट चढली. नवरा एखाद्या गोष्टीला नको म्हणाला की बाई नुसतं ‘बाटली’ म्हणायच्या आणि विषय संपायचा.

मग गाडीच्या तपासणीची तारीख आली. नवरा म्हणाला, मी एकटाच जाऊन येतो. बाई म्हणाल्या, ही मिरवायची संधी मी सोडणार नाही. तेव्हा तोही बरोबर आला, आणि कोणी बोलावलं नसताना मिस्त्रीही गॅरेज बंद ठेवून आले.

तपासनीस तरुण होता. त्याने धूर मोजला, इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. तेहेतीस वर्षांची गाडी इतकी ठणठणीत कशी, असं त्याने विचारलं, आणि बाई त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी त्याला काजळीपासून चढापर्यंत सगळं सांगितलं. कोपऱ्यात नवरा आणि मिस्त्री एकमेकांच्या चपलांकडे बघत होते.

“कधी ओतली होती बाटली?” तपासनिसाने फाइल चाळत विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी, आठ मार्चला,” बाई अभिमानाने म्हणाल्या. “तारीख पाठ आहे माझी.”

तपासनिसाचं बोट एका ओळीवर थांबलं. “बरोबर,” तो म्हणाला. “आणि अकरा मार्चला जुनं इंजिन बंद पडल्याची नोंद आहे. एकोणीस तारखेला दुसरं बसवलं. अर्जावर सही यजमानांची, काम या मिस्त्रींचं.”