बर्फाला जायचं कसं ठरलं

शनिवारी सकाळी अकरा वाजता, बाकावर तीन गिऱ्हाइकं ताटकळलेली असताना, सलूनवाल्या उस्तादांची बायको आत आली आणि कोणाला काही न विचारता थेट खुर्चीत जाऊन बसली. कमरेपर्यंतची वेणी तिने सोडली.

"कापड बांधा."

"अगं, लोकांचे नंबर आहेत. घरी गेल्यावर..."

"वहिनींना आधी घ्या," बाकावरचा औषधवाला म्हणाला. खरं तर घाई त्यालाच होती. पण तमाशा फुकट मिळत असेल, तर घाई कोणाला असते?

उस्तादांनी कापड बांधलं. आरशात नजरानजर झाली. आठ दिवस घरात एकच विषय चालला होता: यंदाच्या थंडीत जायचं कुठे? परदेश वगैरे नाही, आपल्याच देशात, एका रात्रीच्या गाडीने पोचता येईल असं गाव. तिला बर्फ बघायचा होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि बावीसही वर्षं उस्तादांनी गिऱ्हाइकांच्या साक्षी काढून अख्खा देश मोडीत काढला होता. समुद्राला नको, बँकवाल्याच्या कानामागून वाटीभर वाळू निघाली. जंगलात नको, वकिलाच्या केसांत गोचीड सापडली. आणि बर्फाला तर नाहीच नाही. पोस्टमास्तर तिथे घसरले ते अजून एकाच अंगावर बसतात.

पण सलूनचा एक कायदा होता, आणि तो खुद्द उस्तादांनीच केलेला. खुर्चीत बसेल त्याला 'तुम्ही' म्हणायचं, तो सांगेल ते ऐकायचं, मान हलवायची, उलट बोलायचं नाही. ज्याच्या गळ्याशी आपला वस्तरा आहे, त्याच्याशी वाद घालणं बरं नव्हे, असं ते म्हणत.

"किती कापू?"

"खांद्यापर्यंत. आणि उस्ताद, सगळ्यांना विचारता ते मला नाही विचारत?"

बाक सरसावून बसला. उस्तादांनी कात्री चालू केली. "काय मग बाई, यंदा कुठे जाऊन आलात?"

"बर्फाला."

"अगं, कधी गेली होतीस तू..."

"उस्ताद!" बाकावरून तिघांचा एकच आवाज आला. "खुर्चीत आहेत त्या!"

उस्तादांनी मान हलवली. "असं का. थंडी होती का फार?"

"थंडी? चहाची वाफ कपावर काठीसारखी उभीच्या उभी थिजायची. मी तिच्यावर आमच्या ह्यांचे मोजे वाळत घातले. आणि सकाळी फिरायला निघाले, तर सावली बर्फाला चिकटलेली! ह्यांनी गरम पाणी ओतलं तेव्हा कुठे सुटली बिचारी."

"घसरलं नाही का कोणी?" उस्तादांनी आशेने विचारलं.

"घसरले ना. आमचे हेच घसरले. टेकडीवरून बसल्याबसल्या निघाले ते थेट खालच्या गावात, एका सलूनच्या दारात. तिथल्या माणसाने ह्यांना उठवलं, डोकं बघितलं आणि म्हणाला, 'हे केस कापले कोणी? असा हात सात गावांत नाही.' दोन आरसे लावून हे स्वतःच कापतात म्हटल्यावर त्याने ह्यांचे पायच धरले."

उस्तादांची छाती सदऱ्याआडूनही दिसावी इतकी फुगली. "खरंच म्हणाला असं?" त्यांनी विचारलं, आणि जीभ चावली. "बरं, पुढे?"

"पुढे काय! परतीच्या गाडीत हेच म्हणाले, बावीस वर्षं उगाच लोकांच्या डोक्यांवर विश्वास ठेवला."

औषधवाल्याने टाळी वाजवली. उस्ताद भानावर आले.

"आणि आठ दिवस दुकान कोण बघत होतं?"

"कुलूप बघत होतं. केस काय पळून जातात? आलो तेव्हा रांग चौकापर्यंत होती."

"पुरे!" उस्तादांनी आपलाच कायदा मोडला. "थापा आहेत नुसत्या. बर्फाला जायचं नाही म्हणजे नाही. विषय संपला."

तिने आरशात पाहिलं. ऐकण्याच्या नादात उस्तादांनी डावी बाजू खांद्यापर्यंत आणली होती, उजवी अजून कमरेवर लोळत होती. तिने गळ्यामागची गाठ स्वतःच सोडली, कापड झटकलं आणि उठली.

"अगं, थांब! उजवी बाजू राहिली!"

"राहू दे. ती बर्फात कापा."

"अशी रस्त्यावर जाणार? लोक विचारतील, कोणी कापले म्हणून!"

"विचारू देत. सांगेन की. माझ्या नवऱ्याचं नाव मी कशाला लपवू?"

घर डावीकडे, चार पावलांवर. ती उजवीकडे वळली. भाजीवाल्यांच्या मधून, बँकेवरून, पोस्टावरून, ओळखीच्या प्रत्येकाला हसून नमस्कार करत, मिरवणुकीतल्या हत्तिणीसारखी ती चालली. नुकतंच उघडलेलं काचेचं नवं सलून आलं तेव्हा तर ती थांबलीच. काचेत बघून तिने आधी आखूड बाजू सारखी केली, मग लांब. आतले दोन्ही कारागीर कात्र्या हातात घेऊन दाराशी आले.

तेवढ्यात मागे कुठेतरी शटर धाडकन खाली आलं. शनिवार, सकाळची वेळ, बाकावरची तिन्ही गिऱ्हाइकं अर्थातच बाहेर. मग धावत येणारी पावलं ऐकू आली, आणि त्यांच्यामागे आणखी तिघांची.

तिने चाल बदलली नाही.

"अगं ए!" भर बाजारात उस्ताद धापा टाकत ओरडले. "तिकडे कुठे निघालीस? लोकरीच्या टोप्यांचं दुकान इकडे आहे!"